बलुतं आणि अंदाजपत्रक : बाबासाहेबांचे ‘प्रांतिक वित्त’ उल्हासनगरातून वाचताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. जातिप्रश्नावरचे, धर्मांतरावरचे, बुद्धावरचे त्यांचे ग्रंथ आपण पुन्हा पुन्हा वाचतो, त्यांवर परिसंवाद भरवतो, त्यांतील विचारांशी आपले साहित्य ताडून पाहतो. तरीही या समीक्षेत एक मोठी रिकामी जागा राहिली आहे. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने काढलेला ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती’ हा ग्रंथ आपल्या साहित्यविचारात जवळजवळ कुठेच येत नाही. तो आकड्यांचा ग्रंथ आहे, कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी लिहिलेला आहे, प्राध्यापक सेलिग्मन यांची त्याला प्रस्तावना आहे. तेव्हा तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचावा, आपल्या जगण्याशी आणि लिहिण्याशी त्याचा काय संबंध, असे आपण गृहीत धरले. हे गृहीत चुकीचे आहे, असे माझे मत आहे.

हे मत मी अर्थशास्त्रज्ञ म्हणून मांडत नाही. मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस आहे. माझे वडील पालिकेचे सफाई कामगार होते. त्यांच्या हातात झाडू होता, माझ्या हातात लेखणी आली. त्यांनी जो रस्ता झाडला त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो, हे मी लिहीत बसलो. बाबासाहेबांचा हा ग्रंथ मी उशिरा, नोकरीची बरीच वर्षे गेल्यावर वाचला. वाचताना सारखे वाटत राहिले की, हे पुस्तक कलकत्त्याच्या तिजोरीबद्दल बोलत नाही, माझ्या टेबलावरच्या नोंदवहीबद्दल बोलते आहे.

१

ग्रंथाचा आशय थोडक्यात सांगतो. १८३३ च्या कायद्याने हिंदुस्थानची सगळी तिजोरी एका हातात गेली. प्रांतांची सरकारे खर्च करीत. पण कर बसवण्याचा अधिकार आणि त्याची बदनामी, दोन्ही त्यांच्या वाट्याला नव्हती. साहजिकच प्रत्येक प्रांत जमेल तेवढे मागत राहिला आणि जो जास्त ओरडेल त्याच्या पदरात जास्त पडू लागले. १८५७ च्या उठावानंतर कर्ज आणि तूट वाढली. तेव्हा डिसेंबर १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने ठराव करून तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांसाठी ठराविक रक्कम नेमून दिली. सरकारी इतिहासकारांनी याला विकेंद्रीकरण म्हटले आणि त्याचे कौतुक केले.

बाबासाहेबांनी कौतुक केले नाही. त्यांनी हिशेब तपासला. नेमून दिलेली रक्कम त्या खात्यांच्या चालू खर्चापेक्षा कमी होती. उरलेली तूट प्रांतांनी काटकसर करून किंवा नवे स्थानिक कर बसवून भरून काढायची होती. म्हणजे वरच्या सरकारने खाली जे पाठवले त्यात अधिकार थोडा होता आणि तूट अधिक होती. पुढे १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी प्रांतांना नेमून देण्यात आल्या, १८८२ पासून काही बाबींची वाटणी सुरू झाली. पद्धती बदलत गेल्या. पण करार ठराविक मुदतीचे असत आणि मुदत संपली की पुन्हा वरच्याच मर्जीने नव्याने मांडले जात.

येथे बाबासाहेब एक साधा प्रश्न विचारतात, आणि माझ्या मते तोच त्या ग्रंथाचा गाभा आहे. प्रांताला कायद्याने स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न आहे काय? स्वतःच्या अधिकारात त्याला कर बसवता येतो काय, कर्ज काढता येते काय? यांची उत्तरे नकारार्थी असतील तर ‘प्रांतिक वित्त’ ही स्वतंत्र वस्तूच नव्हे. ती एकाच तिजोरीची हिशेबापुरती केलेली विभागणी आहे. ग्रंथाच्या शेवटी ते १९१९ च्या सुधारणांकडे वळतात आणि दुसरा प्रश्न विचारतात : जो खर्च करतो तो कुणाला जबाबदार आहे? कार्यकारी सत्ता लोकप्रतिनिधींना जबाबदार नसेल, तर प्रतिनिधींनी करवाढीची जोखीम का घ्यावी?

पैसा कुणाचा, आणि जाब कुणाला? हे दोन प्रश्न घेऊन मी आमच्या तीन गावांत फिरलो.

२

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने येतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती, अंबरनाथची सुमारे अडीच लाख, बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. ही परंपरागत अर्थाने ‘गावे’ नव्हेत. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत वसवले गेले, १९४९ साली तिला नगराचे नाव मिळाले, आणि आजही माणसे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतात. अंबरनाथला अकराव्या शतकातले शिलाहारांचे शिवमंदिर आहे; पण आजचे अंबरनाथ आगकाड्यांच्या कारखान्याने, आयुध कारखान्याने आणि औद्योगिक वसाहतीने घडवले. बदलापूर मुंबईच्या घरभाड्याने घडवले. या तिन्ही ठिकाणी देशावरून, मराठवाड्यातून, खानदेशातून आपली माणसे आली. सिंधी निर्वासिताला बराक मिळाली. आपल्या माणसाला बराकीच्या मागची टेकडी आणि नाल्याचा काठ मिळाला.

या तीन नगरांच्या सीमा कशा ठरल्या? १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातली गेली. १९९२ साली ती पुन्हा वेगळी काढून त्यांच्या नगरपरिषदा केल्या गेल्या. उल्हासनगरची नगरपालिका १९९६ साली महापालिका झाली. प्रत्येक वेळी शेवटचा निर्णय मंत्रालयात झाला. कोणाचा कर कोणत्या पेटीत पडावा, हे वरून ठरले. मुदतीच्या करारांबद्दल बाबासाहेबांनी लिहिलेले येथे आठवते.

१ जून १९९३ ला चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली. संविधानाला बारावी अनुसूची जोडली गेली आणि नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांची यादी तीत आली. नगररचना, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधार, दुर्बल घटकांचे हितरक्षण, सगळे तिथे आहे. यादी वाचून मन भरून येते. मग नळ सोडून पाहावा. बदलापूरजवळचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. उल्हासनगर महापालिका आपल्या नागरिकांचे पाणी त्या महामंडळाकडून विकत घेते आणि थकीत बिलाचा वाद तिच्या पाचवीला पुजलेला आहे. अंबरनाथ-बदलापूरचे पाणी प्रामुख्याने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या हाती राहिले. मोठे रस्ते आणि महानगराचे नियोजन एमएमआरडीए करते. नळाला पाणी आले नाही तर बाई हंडा घेऊन नगरसेवकाच्या दारात जाते. कारण मत त्याला दिलेले असते. धरणाची किल्ली मात्र त्याच्याकडे नसते.

आता उत्पन्न पाहू. नगरपालिकांचा एके काळचा मुख्य आधार म्हणजे जकात. मी जकातीचा भक्त नाही. नाक्यावरच्या रांगा, ट्रकवाल्यांची पिळवणूक, पावतीशिवाय सुटणारा माल, हे सर्व मी पाहिले आहे. ती वाईट जकात होती, पण ती गावाची स्वतःची होती. उद्योग वाढला, बाजार वाढला की तीही वाढत असे. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारचे सहायक अनुदान आले. महापालिकांना पुढे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर मिळाला. २०१५ साली तो बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा उरलासुरलाही संपला. महापालिकांसाठी राज्याने भरपाईचा कायदा केला : २०१६-१७ हे वर्ष पाया धरायचे, दरवर्षी आठ टक्के वाढ धरायची आणि रक्कम महिन्याच्या महिन्याला द्यायची.

कायद्याने बांधलेली भरपाई ही मर्जीच्या अनुदानापेक्षा निश्चितच चांगली. पण तिचे स्वरूप काय आहे? वरून नेमून दिलेली रक्कम. १८७१ साली मेयोच्या सरकारने प्रांतांना जे दिले त्याच जातीची ही वस्तू आहे. बदलापुरात दरवर्षी किती नव्या इमारती उभ्या राहिल्या, कॅम्पातल्या बाजारात किती माल खपला, याचा या रकमेशी संबंध नाही. आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेला एक सवय लागते : तिची मान कायम वर, मंत्रालयाकडे वळलेली राहते. करदात्याकडे ती वळत नाही.

उरतो मालमत्ता कर. त्यालाही भोके आहेत. संविधानाच्या २८५ व्या कलमाने केंद्र सरकारच्या मालमत्तेवर असा कर बसत नाही. तिन्ही गावांच्या मधून जाणारी रेल्वेची जमीन आठवावी. अंबरनाथचा आयुध कारखाना २०२१ साली सरकारी कंपन्यांकडे जाईपर्यंत थेट केंद्राच्या खात्याचा होता. उल्हासनगरात मालकीचे कागदच इतके गुंतलेले की बेकायदा बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली त्या एका शहरापुरता कायदा करावा लागला. बड्या थकबाकीदारासाठी अधूनमधून अभय योजना निघते आणि व्याज माफ होते. झोपडीतली बाई मात्र घरपट्टीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. कारण उद्या झोपडी तोडायला कुणी आले तर आपण येथे होतो याचा पुरावा तीच. तिच्या कराची रक्कम लहान असते. पण या शहराशी कर भरून नाते सांगणारा नागरिक शोधायचा असेल तर तो तिच्यात सापडतो.

३

दुसरा प्रश्न : जाब कुणाला?

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० साली संपली. आधी साथ आली, मग आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचा घोळ. २०२२ साली उल्हासनगर महापालिकेचीही मुदत संपली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे चक्र हलले आणि नगरपरिषदांचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. मधल्या पाच वर्षांत अंबरनाथ-बदलापूरला निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. अंदाजपत्रक दरवर्षी मांडले गेले आणि मंजूरही झाले. प्रशासकानेच मांडायचे, प्रशासकानेच मंजूर करायचे. एकाच माणसाने वादी, वकील आणि न्यायाधीश व्हावे तसा हा प्रकार.

वर्तमानपत्रांत याबद्दल बऱ्यापैकी शांतता होती, कित्येक सुशिक्षितांना तर बरे वाटत होते. नगरसेवक नाहीत, कटकट नाही, असे ते म्हणत. मला यात जुना स्वर ऐकू येतो. खालच्या माणसाला सभागृहात जागा मिळाली की सभागृहच घाणेरडे वाटू लागते. संविधानाच्या २४३-ट कलमाने नगरपालिकांत अनुसूचित जातींना आणि स्त्रियांना राखीव जागा दिल्या. त्या जागा पाच वर्षे रिकाम्या राहिल्या, म्हणजे केवळ काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या असे नव्हे. पाच अंदाजपत्रकांवर आपल्या माणसाची सूचना, हरकत किंवा नुसती आरडाओरड यांपैकी काहीच नोंदले गेले नाही.

४

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल की, मग उत्तर सोपे आहे : गावाचा पैसा गावाला द्या, गावाचा कारभार गावाला द्या. विकसनशील देशांना गेली काही दशके जगभरचे तज्ज्ञ हेच सांगत आले आहेत. सत्ता जितकी जवळ, तितकी ती लोकांची, असा त्यामागचा विश्वास आहे.

या विश्वासावर आपण डोळे मिटून सही करू शकत नाही. कारण ‘जवळची सत्ता’ आणि ‘जवळची तिजोरी’ आपण इतरांपेक्षा फार आधी भोगली आहे. तिचे नाव बलुतं.

बलुत्याकडे आपल्या साहित्याने दुःख म्हणून पाहिले, अपमान म्हणून पाहिले, आणि ते खरेच आहे. पण ते स्थानिक वित्ताची एक पद्धतही होते, हे आपण नीट मांडले नाही. वतनी महार काम सरकारचे करी : वर्दी देणे, सारा पोचवणे, अधिकाऱ्याचे सामान वाहणे. मोबदला मात्र मुख्यतः रयतेच्या दारातून, सुगीच्या वेळी, धान्याच्या रूपाने मिळे. म्हणजे सेवा वरच्या सत्तेची आणि पगार खालच्या शेजाऱ्याच्या मर्जीवर. सरकारला फुकट नोकर मिळाला आणि गावाला गुलाम मिळाला. महाराने मान वर केली की बलुते बंद. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते याच दुखण्यावर. दारोदार मिळणाऱ्या बलुत्याऐवजी पैशातला मोबदला, तोही सरकारी वसुलीच्या मार्गाने मिळावा आणि ज्याला वतन सोडायचे त्याला ते सोडता यावे, ही त्यांची मागणी होती. ही वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले.

माझी आई हे अर्थशास्त्र एका वाक्यात सांगत असे. ‘तुझा आजा भाकरी मागाया दारोदार फिरायचा, तुझा बाप खिडकीपाशी सही करतो अन् पगार घेतो. एवढाच फरक हाय, पण त्यो लई मोठा हाय.’ खिडकीच्या पलीकडच्या कारकुनाची जात कोणतीही असो, त्याचा मूड कसाही असो, त्याला ते पैसे द्यावेच लागत. दार आणि खिडकी यांमधले हे अंतर म्हणजे मर्जी आणि हक्क यांमधले अंतर.

बाबासाहेबांनी १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल कठोर शब्द काढले, त्याचा अर्थ या प्रकाशात लावावा लागतो. त्यांना खालच्या पातळीवरील लोकशाही नको होती, असा निष्कर्ष काढणारे प्रांतिक वित्तावरचा त्यांचा ग्रंथ विसरतात. आणि तो ग्रंथ दाखवून त्यांना सरसकट विकेंद्रीकरणवादी ठरवणारे महाड विसरतात.

महाडचा प्रसंगही अखेर नगरपालिकेचाच प्रसंग आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही स्थळे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. कसोटी नीट पाहा : धर्म काय म्हणतो, रूढी काय म्हणते हा प्रश्नच ठेवलेला नाही. पैसा सार्वजनिक असेल तर पाणी सार्वजनिक. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी ते पाणी प्रत्यक्ष घेतले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. स्थानिक स्वराज्य संस्थेने आपली स्वायत्तता वापरली ती अशी. पुढे उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल यावे लागले.

यातून मला जे सूत्र दिसते ते असे : पैसा उभा करण्याचा आणि खर्च करण्याचा अधिकार खाली जावा, पण दुर्बलाचा हक्क स्थानिक मर्जीवर सोडू नये, तो वरच्या कायद्यात बांधलेला असावा. यांतले पहिले नसेल तर नगरपालिका भिकारी होते. दुसरे नसेल तर ती गावगाडा होते. आजच्या आपल्या तीन नगरांत पहिलेही पुरते नाही आणि दुसरेही पुरते नाही.

५

हे दुसरे कसे नाही, ते सांगताना मला माझ्याबद्दल सांगावे लागेल.

महाराष्ट्रातल्या नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के भाग मागासवर्गीय आणि दुर्बल घटकांसाठी राखावा, असा शासनाचा नियम आहे. दलित वस्ती सुधारणेचा वेगळा निधीही वरून येतो. मी ज्या पालिकेत होतो तिचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. एका मार्च महिन्यात माझ्यासमोर एक फाईल आली. एका वस्तीच्या गटारासाठी राखून ठेवलेली रक्कम वर्षभर पडून होती. निविदा निघाली नव्हती, कारण जागेची मोजणी झाली नव्हती; मोजणी झाली नव्हती, कारण कुणी पाठवलाच नव्हता माणूस. आता वर्ष संपत होते. ‘सदर रक्कम चालू आर्थिक वर्षात खर्च होण्याची शक्यता नसल्याने पुनर्विनियोजन प्रस्तावित’ असा शेरा हवा होता. पैसा जाणार होता एका स्वागत कमानीकडे. कमान ज्या रस्त्यावर व्हायची तो त्या वस्तीच्या तोंडावरूनच जात होता, म्हणून तिला वस्तीचाच विकास म्हणता येत होते.

तो शेरा माझ्या अक्षरात आहे. मी तो लिहिला. साहेबांनी सांगितले आणि मी लिहिला. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. त्या वर्षीच्या पावसात त्या वस्तीत पाणी शिरले. कमान मात्र कोरडी राहिली, आणि पुढच्या १४ एप्रिलला आम्ही तिच्यावरच रोषणाई केली.

हे मी पश्चात्तापाचे प्रदर्शन म्हणून सांगत नाही. सांगायचे आहे ते हे की, यात कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही, ॲट्रॉसिटीच्या कोणत्याही कलमात हा प्रकार बसत नाही. जातीचे काम एका व्याकरणशुद्ध वाक्याने झाले आणि ते वाक्य लिहिणारा आमच्यातलाच होता.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे, कारण ते रोजचे आहे. महापालिकांचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांच्या आत असावा, नाहीतर नवी भरती नाही, असा दंडक आहे. वरवर तो काटकसरीचा वाटतो. पण ‘आस्थापना खर्च’ म्हणजे पगार, आणि पालिकेच्या पगारपत्रकात सर्वांत लांब यादी सफाई कामगारांची. कायम कामगाराला पगार दिला की तो आस्थापना खर्च होतो आणि डोळ्यात सलतो. तेच काम ठेकेदाराला दिले की ठेकेदाराचे बिल ‘सेवेवरील खर्च’ होते आणि टक्केवारी एकदम देखणी दिसते. रस्ता तोच, कचरा तोच, वाकलेली पाठही त्याच समाजाची. बदलते ते लेखाशीर्ष. माझ्या वडिलांना मिळाले होते ते निवृत्तिवेतन, आजाराची रजा आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला मिळणारी नोकरी, हे सारे त्या एका बदलात वाहून जाते. नवा कामगार पुन्हा एका माणसाच्या दारात उभा असतो : ठेकेदाराच्या. पगार कधी मिळेल, किती कापला जाईल, उद्या कामावर घेतील की नाही, सगळे त्याच्या मर्जीवर. आई असती तर म्हणाली असती की खिडकी बंद झाली आणि दार पुन्हा उघडले.

६

उत्तरे नाहीत असे नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्त्यावस्त्यांच्या सभा भरवून नगराच्या भांडवली खर्चाचा क्रम ठरवला जाऊ लागला, आणि गरीब वस्त्यांना वाटणीत जास्त गुण मिळावेत असे सूत्र आधीच बांधले गेले. केरळने १९९६ साली योजनेच्या रकमेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग स्थानिक संस्थांच्या हाती दिला. त्या प्रयोगातही अनुसूचित जातींचा निधी इतर कामांकडे वळल्याच्या तक्रारी झाल्याच. म्हणजे केवळ खाली दिल्याने न्याय होत नाही, हे तिथेही दिसले. २०१३ साली आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेला कायद्याचे रूप दिले, कारण शासनाच्या परिपत्रकाने राखलेला पैसा परिपत्रकानेच वळवता येतो. महाराष्ट्रातही अशा कायद्याची मागणी आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे केली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने नगरांना दिलेल्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. स्वायत्ततेच्या नावाने काहींनी त्यावर नाके मुरडली. मला ते बंधन खटकत नाही. कमानीला बांधण्यापेक्षा गटाराला बांधलेला पैसा बरा.

पण हे पत्र अर्थखात्याला लिहिलेले नाही, साहित्याच्या नियतकालिकात लिहिलेले आहे. म्हणून शेवटचा मुद्दा आपल्या लेखनाबद्दल.

आपल्या कथा-कवितांत झाडू आला, मैला आला, गटारात उतरलेला माणूस आला. हे आणण्यासाठी जे धैर्य लागले ते मी कमी लेखत नाही. पण गटारात माणूस उतरतो तिथे आपले वर्णन थांबते. त्या गटारासाठी यंत्र घ्यायची तरतूद कुठल्या पानावर होती, ती कुणी कशी वळवली, त्यावर कुणाची सही आहे, इथपर्यंत आपली कथा जात नाही. शोषण करणारा आपल्याला अजून जमीनदाराच्या, सावकाराच्या, पाटलाच्या चेहऱ्यानेच दिसतो. आता तो पुष्कळदा पिवळ्या फाईलच्या आणि टक्केवारीच्या चेहऱ्याने येतो, आणि कधी कधी तो चेहरा आपलाच असतो. ज्याला अंदाजपत्रक वाचता येत नाही त्याला आजचा गावगाडा पुरता वाचता येणार नाही.

ही नवी वाट नव्हे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांचे मुंबई कायदेमंडळातले पहिले मोठे भाषण, फेब्रुवारी १९२७ चे, अर्थसंकल्पावरच होते. महाड त्यानंतर महिन्याभराने झाले. कमान आणि गटार यांच्यातला वाद आपल्या परंपरेत दीडशे वर्षांचा आहे.

आता या नगरांत पुन्हा निवडून आलेली माणसे बसली आहेत. फेब्रुवारी-मार्च आला की अंदाजपत्रक छापले जाईल. ते गुप्त कागद नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या वाचनालयाने त्याची एक प्रत आणावी, आणि आमच्यासारख्या निवृत्त कारकुनांना एका रविवारी बोलावून ती मोठ्याने वाचून घ्यावी. मागच्या वर्षीची तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, उरलेले कुठे गेले, एवढे तीन रकाने पाहिले तरी पुरे. मी येईन. माझ्या अक्षरातला तो शेरा कोणत्या पानावर आहे, तेही दाखवीन.